परक्या पाहुण्याचें पान

परदेशचा पाहुणा घरीं जेवावयास येणार असें ठरलें, म्हणजे घरांतील माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, त्याला आपलें जेवण सोसणार नाहीं, बाहेरून कांहीं तरी मागवावें. दुसरा म्हणतो, त्याला आपल्या संस्कृतीचें दर्शन घडवावयाचें आहे, तेव्हां पंचपक्वान्नें केलींच पाहिजेत. पहिल्या पक्षाचा जय झाला, तर पाहुणा आपल्याच गांवीं मिळणारें अन्न खाऊन परत जातो. दुसऱ्याचा झाला, तर तो अर्धा उपाशी आणि अर्धा अजीर्णानें बेजार होऊन जातो. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरणासाठीं मोहने हें गांव घ्यावें. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड मागें पडलें आणि उल्हास नदी ओलांडली, कीं आंबिवलीचें स्टेशन येतें. त्याच्या शेजारीं, नदीच्या कांठीं मोहने आहे. मूळचें गांव आगरी-कोळी वस्तीचें, भाताच्या शेतांचें आणि मासळीचें. १९४६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना येथें उभा राहिला आणि त्याच्या वसाहतींत नाना प्रांतांचीं कुटुंबें भिंतीला भिंत लावून राहूं लागलीं. १९४७ च्या फाळणीनंतर नदीपलीकडे, जी पुढें उल्हासनगर म्हणून प्रसिद्धीस आली त्या छावणींत, सिंधी निर्वासित आले. कारखाना २००९ सालीं बंद पडला; पण ज्या गांवानें इतक्या प्रांतांच्या फोडण्यांचा वास घेतला, त्याला परक्या चवीची धास्ती वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. तरीहि गंमत अशी कीं, शेजारणीकडे वाटीभर आमटी न विचारतां धाडणारें हेंच घर, मुलाच्या कचेरींतील इंग्रज सहकारी येणार म्हटल्यावर आमटीचें नांव घ्यावयासहि लाजतें.

प्रथम बाहेरून मागविण्याची गोष्ट. बहुधा लोण्यांतील पनीर, तंदुरी कोंबडी आणि नान अशी योजना होते. हे पदार्थ वाईट नव्हेत. परंतु ब्रिटनमध्यें लंडनपासून लहानसहान गांवांपर्यंत भारतीय म्हणून चालणारीं उपाहारगृहें आहेत, आणि त्यांपैकीं बरींच आज बांगलादेशांत असलेल्या सिल्हेट भागांतून गेलेल्या कुटुंबांचीं आहेत. तेथें हे पदार्थ, किंवा त्यांचे भाऊबंद, रोज मिळतात. २००१ सालीं ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनीं तर एका भाषणांत चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खराखुरा राष्ट्रीय पदार्थ झाला आहे, असें सांगून टाकलें. म्हणजे मोहन्याच्या यजमानानें मोठ्या हौसेनें बाहेरून मागवून इंग्रजाच्या पानांत वाढलें काय, तर त्याच्याच देशाचें राष्ट्रीय अन्न! यजमानाला वाटतें, आपण भारत वाढला. पाहुण्याला वाटतें, आपण अजून घरींच आहों. आणि ज्या वरणभाताची, थालिपिठाची, तांदळाच्या भाकरीची चव त्याला जगांत दुसरीकडे सहसा मिळाली नसती, ती स्वयंपाकघरांतच झांकून राहते.

पंचपक्वान्नांचा पक्ष अभिमानी खरा. पण अभिमानानें पोट भरत नाहीं. श्रीखंड, जिलेबी, बासुंदी, मसालेभात आणि तळणाचे चार प्रकार एकाच पानावर आले, म्हणजे सवय नसलेल्या माणसाला कशाचीच चव धड कळत नाहीं. शिवाय हे पदार्थ घरांत वर्षांतून दोनदां होतात; ते साधतीलच असा भरंवसा नसतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें, त्यांत हजार पाकक्रिया दिल्या होत्या. हजार पदार्थ पुस्तकांत असतात. एका घराचे असे वीस असले तरी पुष्कळ. ज्या पदार्थाला गृहिणी माप घेत नाहीं, ज्याचें मीठ ती बोलतां बोलतां टाकते आणि तें चुकत नाहीं, तोच त्या घराचा पदार्थ. पाहुण्यासाठीं निवड करावयाची ती या विसांतून.

येथें कोणी विचारील कीं, रोजच्या पदार्थांत परंपरा ती कसली? परंपरा या शब्दाचा धाक थोडा कमी केला पाहिजे. उपासाची साबुदाण्याची खिचडीच पहा. हिच्याहून सोंवळा पदार्थ मराठी घरांत दुसरा नाहीं. परंतु साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून करतात तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तेथलाच, मिरची अमेरिकेची आणि बटाटाहि अमेरिकेचाच. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी लोकांनीं सोळाव्या शतकापासून हीं झाडें हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणलीं नसतीं, तर एकादशीच्या कढईंत तूप आणि जिरें यांखेरीज कांहीं उरलें नसतें. आज भारतांतील साबुदाणा मुख्यतः तामीळनाडूंत सेलमच्या बाजूस तयार होतो. ब्राझीलचा पाहुणा आला, तर ही खिचडी त्याला परकी वाटणार नाहीं; कारण त्याच कंदाच्या पिठाचे पोळे त्याच्या देशांत न्याहारीला खातात. उलट वयस्क इंग्रजापुढें ती ठेवतांना थोडा विचार करावा. ब्रिटनमधील शाळांत एके काळीं साबुदाण्याची दुधांतील खीर मुलांना सक्तीनें मिळे, आणि मुलांनीं तिला बेडकाच्या अंड्यांचें नांव ठेवलें होतें. तीं मुलें आतां म्हातारीं झालीं आहेत. पण शाळेंतलें जेवण माणूस विसरत नाहीं.

याहून मागें गेलें तर चित्र आणखी बदलतें. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा आहे. राजधानी कल्याण, पण तें ठाणें जिल्ह्यांतलें नव्हे, आज बसवकल्याण म्हणून ओळखलें जाणारें. त्यांत राजाच्या भोजनाचे अनेक प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत शेतांतील उंदीर भाजून करण्याची कृतिहि आहे. परंपरेच्या नांवाखालीं सगळेंच पाहुण्यापुढें मांडावें, असा हट्ट कोणी धरूं नये, यासाठीं एवढें एक उदाहरण पुरे.

आतां निवडीची खरी किल्ली. ज्या पदार्थांत पाहुण्याला आपल्या घरची एखादी खूण सांपडते, तो पदार्थ त्याला लवकर आवडतो. आणि ती खूण प्रत्येक देशाची निराळी असते. म्हणून ‘परदेशी लोकांना काय आवडतें’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या देशाचा, कोणत्या घरचा, हें आधीं विचारलें पाहिजे.

पुरणपोळीचें उदाहरण यांत सर्वांत बोलकें आहे. हरभऱ्याची डाळ शिजवून गुळांत आटविली, वेलदोडा-जायफळ घातलें, कीं मराठी माणसाला सण आठवतो. इंग्रजाला मात्र डाळ आणि गोड या दोन गोष्टी एकत्र येतात हेंच ठाऊक नसतें. त्याच्याकडे कडधान्य म्हणजे मिठाचा पदार्थ. डब्यांतील घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा किंचित् गोडसर असला, तरी तो तो पावावर घालून खारट म्हणूनच खातो. पुरणपोळीचा पहिला घांस तो सौजन्यानें खातो, दुसरा कुतूहलानें. तिसऱ्याची खात्री नसते. जपानी पाहुण्याची गोष्ट अगदीं उलट. त्याच्या देशांत अझुकी नांवाची तांबडी कडधान्यें शिजवून साखरेंत घोटतात आणि तें पुरण तांदळाच्या चिकट पिठांत किंवा पोळ्यांच्या जोडींत भरतात. सणावारीं, चहाबरोबर, दुकानांत, सर्वत्र तें असतें. पुरणपोळी मोडून त्याला आंतलें सारण दाखविलें, कीं त्याला समजावून सांगण्याचें काम उरत नाहीं. तूप मात्र त्याच्या पोळीवर बेतानेंच घालावें. हातानें ओतूं नये. उकडीच्या मोदकाचेंहि तेंच. तांदळाच्या उकडीची पारी, वाफेवर शिजविलेली, आंत गोड सारण. पूर्वेकडील सर्वच देशांना ही भाषा येते. आंबिवलीच्या पुढचेंच स्टेशन टिटवाळा, तेथल्या गणपतीच्या निमित्तानें या भागांत मोदकाचा हात कोणत्या घरांत चांगला आहे हें सर्वांना माहीत असतें. तो हात शेजारचा असला, तरी त्या दिवसापुरता उसना घेण्यांत कमीपणा नाहीं.

चक्क्याचें असेंच आहे. लेबनॉन-सीरियाकडील माणूस फडक्यांत दहीं टांगतांना पाहून लगेच ओळखतो. त्याच्या घरीं तें रोज होतें. परंतु तो त्यावर मीठ आणि ऑलिव्हचें तेल घालतो. त्याच चक्क्यांत साखर आणि केशर पडलेलें पाहून त्याला जो धक्का बसतो, तो सुखाचा असतो. मठ्ठा तुर्काला आणि इराण्याला दोघांनाहि कळतो, कारण खारें ताक त्यांच्याकडे जेवणाबरोबर पितात. इंग्रजाला मात्र पेल्यांत मीठ म्हणजे कोणाची तरी चूक वाटते, त्याला आधीं सांगावें किंवा सरळ कोकमचें सरबत द्यावें. मेक्सिकोच्या माणसाला भाकरी आणि ठेचा देऊन बाजूस व्हावें. मक्याची भाकरी आणि मिरची हीं तर त्याचींच. फ्रेंच माणसाला घावन चालतें. चीनच्या, जपानच्या, कोरियाच्या पुष्कळ प्रौढ माणसांना दुधांतील साखर पचत नाहीं, हें लक्षांत ठेवून त्यांच्या पानावरून बासुंदी टाळावी. नारळाच्या दुधाची खीर करावी. श्रीखंड थोडें चालतें, कारण निवळीबरोबर ती साखर बरीच निघून गेलेली असते.

सुक्या मासळीचा प्रश्न नाजुक. मोहन्याच्या आगरी-कोळी घरांत सुकट, सुके बोंबील हे रोजचे. पण पाहुणा येणार म्हटलें, कीं तो डबा प्रथम वरच्या फळीवर जातो. बहुतेक युरोपियनांच्या बाबतींत हें शहाणपणाचेंच आहे. तथापि नॉर्वेचा मनुष्य असला तर डबा खालीं काढावा. वाऱ्यावर वाळविलेला कॉड मासा हा त्याच्या देशाचा शेंकडों वर्षांचा व्यापार आहे, आणि त्याचा एक मोठा गिऱ्हाईक नायजेरिया. नायजेरियाच्या माणसाला वाळल्या माशाचा वास म्हणजे आईच्या कालवणाचा वास. त्या दोघांना सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी मिळाली, तर ते पनीराची आठवणहि काढणार नाहींत.

इतका वेळ आवडीनिवडीचें बोलणें झालें. आवड चुकली तर फार तर घांस उरतो. पण अशा कांहीं गोष्टी आहेत, ज्या चुकल्या तर पाहुण्याला इस्पितळांत न्यावें लागतें, आणि या बाबतींत मराठी स्वयंपाकघर फार बेसावध आहे. शेंगदाणा हा त्यांतला पहिला. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथें अशीं पुष्कळ माणसें आहेत, कीं ज्यांच्या शरीराला शेंगदाणा मुळींच चालत नाहीं. अगदीं अल्प अंश पोटांत गेला, तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो, प्रसंगीं जीवावर बेततें. आणि मराठी घरांत दाण्याचें कूट कोठें नसतें? काकडीच्या कोशिंबिरींत असतें, भरल्या वांग्यांत असतें, उसळींत असतें, चटणींत तर असतेंच. विचारलें तर गृहिणी प्रामाणिकपणें सांगते कीं, आज शेंगदाण्याचा कांहीं पदार्थ केला नाहीं. कारण कूट हा तिच्या लेखीं पदार्थ नसून मिठासारखी गोष्ट आहे. त्याच पळीनें ढवळलें, त्याच कढईंत परतलें, एवढ्यानेंहि घात होऊं शकतो. म्हणून निमंत्रण देतांनाच स्पष्ट विचारावें: शेंगदाणा, काजू, तीळ, गहूं, दूध, अंडें, मासे, कोळंबी यांपैकीं काय चालत नाहीं? हें विचारण्यांत संकोच मानूं नये. परदेशांत हा प्रश्न आतां सर्रास विचारतात, आणि तो विचारणाऱ्या घराविषयीं पाहुण्याला विश्वास वाटतो. पाहुण्यानें शेंगदाणा चालत नाहीं असें सांगितलें, तर त्या दिवशीं स्वयंपाकघरांत कूट काढूंच नये, आणि भांडीं-पळ्या आधीं स्वच्छ घांसून घ्याव्या.

तीळ गोड्या मसाल्यांत असतात. आमटी देतांना ही गोष्ट कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. गहूं न चालणारींहि माणसें असतात. त्यांना तांदळाची भाकरी आणि भात दिला म्हणजे काम झालें असें वाटतें. पण बाजारांतील हिंगाच्या डबींत नुसता हिंग नसतो, तर त्यांत बहुधा मैदा किंवा गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. डबीवर बारीक अक्षरांत तें छापलेलें असतें. चष्मा लावून एकदां वाचावें. त्या दिवसापुरती जिऱ्याची फोडणी दिल्यानें आमटीचें फारसें बिघडत नाहीं.

धर्माचे नियमहि असेच विचारून घ्यावे. मुसलमान पाहुण्याला शाकाहारी जेवणांत अडचण नसते. मटण करावयाचें तर तें हलाल आहे ना, हें खाटकाला विचारलें कीं झालें. ज्यू पाहुण्याचा नियम मराठी मुलुखाला अपरिचित नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल समाज शतकानुशतकें मराठी बोलत आला आहे आणि ठाण्यास त्यांचें सिनेगॉग आहे. मांस आणि दूध एकत्र खावयाचें नाहीं हा त्यांचा नियम. म्हणून मांसाच्या कालवणांत आणि जेवणानंतरच्या गोडांतहि त्यांनीं नारळाच्या दुधाचा उपयोग केला. पोहे, खोबरें, साखर आणि फळें यांचा मलिदा ते मंगल प्रसंगीं करतात. इस्राएलमध्यें स्थायिक झालेल्या कुटुंबांतहि तो होतो. कोळंबी आणि खेंकडा त्यांना वर्ज्य. खवले असलेला मासा चालतो. एखाद्या मराठी गृहिणीला ज्यू पाहुण्यासाठीं काय करावें हें सुचत नसेल, तर याच कोंकणी स्वयंपाकाकडे पहावें; उत्तर घरांतच आहे.

तिखटाविषयीं थोडक्यांत. मिरचीचा जहालपणा ज्या द्रव्यांत असतो, तें पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. म्हणून तोंड पोळलेल्या पाहुण्याला गार पाणी देत राहणें म्हणजे आग पसरविणें होय. दूध, दहीं किंवा तूपभात द्यावा. पण मुळांत ती वेळ आणूं नये. सर्वच जेवण फिकें करण्याचीहि गरज नाहीं. फिक्या जेवणाला चव नसते आणि पाहुण्याला तें कळतें. आमटी-भाजींत मिरची अखंड टाकावी आणि वाढण्यापूर्वीं काढून घ्यावी. ठेचा वेगळा ठेवावा. ज्याला धाडस करावयाचें असेल तो करील.

पान कसें वाढतात, हेंहि सांगावें लागतें. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, लोणचें, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, मध्यें भात. डावी बाजू बोटभर चाखावयाची, हें मराठी मुलाला कोणी शिकवीत नाहीं, कारण तें त्याला जन्मतःच येतें अशी आपली समजूत असते. परदेशी माणूस मात्र ताटांतील प्रत्येक वस्तु खाण्यासाठींच वाढली आहे असें समजून लिंबाच्या लोणच्याची फोड एका घांसांत संपवितो. पहिल्या घांसाआधीं यजमानानें दोन वाक्यांत हा भूगोल समजावून द्यावा. चमचा जवळ ठेवावा, पण हातानें जेवावयाचें त्याला शिकवावेंहि. बहुतेकांना तें आवडतें.

आणि आग्रह! मराठी पंगतींत ‘नको’ याचा अर्थ ‘आणखी एकदां म्हणा’ असा असतो. इंग्रजाच्या ‘नको’चा अर्थ ‘नको’ एवढाच असतो. त्यांतून त्याच्याकडे पान स्वच्छ करणें ही सभ्यता, आणि इकडे रिकामें पान दिसलें कीं वाढणें ही सभ्यता. दोन सभ्यतांच्या या झटापटींत बिचारा पाहुणा तिसरी पुरणपोळी संपवितो आणि यजमानीण चौथी आणते. एकदां विचारावें, फार तर दोनदां. पाणी उकळून गार केलेलें द्यावें, आणि कोशिंबिरीच्या काकड्या-टोमॅटोहि त्याच पाण्यानें धुवावे. परदेशच्या पोटाला येथल्या पाण्याची ओळख नसते.

इतक्या अटींतून पार पडल्यावर मोहन्याच्या घरांत पहिल्या दिवशीं वाढण्याजोगें काय उरतें? पुष्कळ उरतें. वाडा तालुक्याचा कोलम तांदूळ २०२१ पासून भौगोलिक मानांकनाचा मानकरी आहे. वाडा आज पालघर जिल्ह्यांत असला, तरी २०१४ पूर्वीं तो ठाण्यांतच होता. त्याचा मऊ भात, वर साधें वरण, तूप आणि लिंबू. यासारखी सौम्य आणि निर्धोक सुरुवात दुसरी नाहीं. उकड काढून हातावर थापलेली तांदळाची भाकरी ही या भागाची खरी मिरास. ती तव्यावर फुगतांना पाहुण्याला स्वयंपाकघरांत बोलावून दाखवावी, कारण निम्मा आनंद पाहण्याचा असतो. तिच्याबरोबर वालाचें बिरडें. मासे खाणारें घर असेल, तर बाजारांतील ताजी सुरमई किंवा पापलेट, तांदळाच्या पिठांत घोळवून तव्यावर परतलेलें. नदीचा मासा पूर्वीं घरोघर असे; पण उल्हासचें पाणी कारखान्यांच्या आणि गटारांच्या मैल्यानें दूषित झालें आहे, तेव्हां नदीचें नांव सांगावें आणि मासा समुद्राचा आणावा. हें लिहिण्यासारखें सुख नाहीं, पण खरें तें सांगितलेलें बरें.

पहिल्या पावसांत कल्याणच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळें घेऊन बसतात. ती भाजी चविष्ट खरी, आणि पाहुण्याला रानची भाजी खावयास घालावी असा मोह होतो. तो आवरावा. शेवळांना खाज असते; ती मारण्यासाठीं काकडाचीं आंबट फळें किंवा चिंच घालावी लागते, आणि हात थोडा चुकला तर घरचीं माणसेंहि घसा धरून बसतात. टाकळा, कुर्डू या भाज्या त्या मानानें गरीब आहेत.

आतां उलट बाजू. पाहुणा चांगला असेल, तर तो चार दिवसांनीं म्हणतो, आतां मी तुम्हांला माझ्या देशाचें कांहीं करून घालतों. त्यालाहि हाच सर्व विचार करावा लागतो, आणि यजमानानें त्याला मदत केली पाहिजे. नाहीं तर निष्पापपणें अनर्थ होतो. मेंढपाळाच्या नांवाची त्यांची पाय मेंढीच्या खिम्याची असते, परंतु तिची जुळी बहीण गोमांसाची. नाताळच्या काळ्या पुडिंगांत फळें आणि मसाले दिसतात, त्यामागें परंपरेनें गाईच्या चरबीचा चुरा असतो, आणि वर ब्रँडी. जेलींत जिलेटीन, म्हणजे हाडें-कातडीं शिजवून काढलेला अंश. वुस्टरशायर सॉसच्या बाटलींत अँचोव्ही नांवाचे मासे. चीज शाकाहारी दिसतें, पण जुन्या पद्धतीच्या चीजचें दूध वासराच्या जठरांतील द्रव्यानें फाडलेलें असतें; आतां निराळ्या विरजणाचें चीजहि मिळतें, तें वेष्टणावर पाहून घ्यावें.

तरीहि त्याच्याकडे मांडण्याजोगें खूप असतें. स्कोन हे लहान गोड पाव केवळ मैदा, लोणी, दूध आणि फुगविण्याची पूड यांचे. जांभळाच्या किंवा करवंदाच्या मुरंब्याबरोबर ते उत्तम लागतात. फळांवर मैदा, लोणी आणि साखर यांचा चुरा पसरून भाजलेलें क्रंबल तर येथें नव्यानें जन्म घेऊं शकतें: त्याच्या देशांत आंबटपणासाठीं रूबार्बचे देंठ घेतात, इकडे चैत्रांत कैरी आहे. मासे खाणाऱ्या घरांत त्यानें तळलेला मासा आणि बटाट्याचे काप करावे. बटाटा त्यांच्याकडेहि अमेरिकेहूनच आला, तेव्हां साबुदाण्याच्या खिचडीपुढें त्याला खालीं पाहण्याचें कारण नाहीं.

पण सर्वांत मजेचा पदार्थ केडगरी. हें नांव म्हणजे आपली खिचडीच. हिंदुस्थानांत राहिलेल्या इंग्रजांनीं ती स्वदेशीं नेली, डाळ काढून टाकली, धुरी दिलेला हॅडक मासा आणि उकडलेलीं अंडीं घातलीं, वर कढीपूड भुरभुरली आणि सकाळच्या न्याहारीला मांडली. मोहन्याच्या आजीबाईला खिचडी म्हणून हें ताट दाखविलें, तर ती आधीं डाळ कोठें गेली असें विचारील, मग अंडीं मोजील. हॅडक आपल्या बाजारांत सहसा मिळत नाहीं. पाहुण्यानें सुरमईचे तुकडे हळद-मीठ लावून वाफवावे, कांटे काढून मोकळे करावे, आणि लोण्यांत परतलेल्या कोलमच्या भातांत हलक्या हातानें मिसळावे. भात आदल्या रात्रींचा असला तर अधिक चांगला, नाहीं तर तो मोडतो.